शुद्ध बचनाग

“बचनाग हातात घेतला की हात राखेनं घास, मंग लेकराले उचल.”

आई जाऊन किती तरी वर्षं लोटली. पण कारंज्याच्या कॉलेजात, प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलेल्या इस्माईलला तिचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला. त्यानं आपले तळवे पाहिले. घासून घासून फिके पडले होते.

आत वैजयंती मॅडम त्याच्याच दुकानातलं सांधेदुखीचं चूर्ण तपासत होत्या. परवा कामरगावचा रतनसिंग आला, पहिली पुडी दुकानातच चहासोबत घेतली आणि बसस्टँडवर कोसळला. ओठ बधिर, छातीत धडधड. तो अजून अकोल्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होता.

“गुडघ्यासाठी धाडला व्हता त्याले तुह्याकडं,” समोरच्या बाकावरून रतनसिंगची बायको जमनाबाई कडाडली. “अख्खा मानूसच नेऊन राह्यला तू, हकीम!”

इस्माईलशेजारी त्याची सून नाजिया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

वैजयंती दारात आल्या. “चाचा, बचनाग विषारी मूळ. तुम्ही शुद्ध कसं करता?”

“अम्मीनं शिकवलं तसं. दुधात, मंद आचेवर. मंग दूध फेकून द्याचं, मुळी वाळवाची.”

“चाखून पाहता?”

“रोजे चालू हाय ना, मॅडम.”

ठाण्यातून आलेला पोलीस जमादार सतीश हसला. “सोता उपाशी, पन गिऱ्हाइकाले चहा पाजल्याबिगर सोडत नाही. याच्या दुकानात दवाई कमी, चहाच जास्त!”

“मेहमान कोरडा कसा जाऊ देऊ?” इस्माईल पुटपुटला.

वैजयंती पुन्हा आत गेल्या. खिडकीतलं ऊन बाकावरून फरशीवर उतरलं. नाजियाच्या कपाळावर घाम आला होता. इस्माईलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरू नको, बेटी. जेल झाली तं मले होईन.”

दार उघडलं. वैजयंतींचा चेहरा खुलला होता.

“चूर्णात माणसाला बाधेल इतकं विष नाही. मी दोनदा पाहिलं. सगळं दुधानं ओढून घेतलंय. इतकी शुद्ध मुळी मी पाहिली नव्हती, चाचा.”

इस्माईलनं डोळे मिटले. दुआसाठी दोन्ही तळवे वर केले.

“सुटले तुमी, चाचा,” सतीशनं त्याची पाठ थोपटली आणि तो जमनाबाईकडे वळला. आवाज बदलला होता. “मंग काकू, त्या दिवशी घरून काय खाऊ घालून धाडलं व्हतं?”

“भाकर... अन् पिठलं.”

“शेजारी सांगतेत, आदल्या दिवशी लय भांडन झालं तुमच्यात.”

“कोनाच्या घरी होत नाही रे, बाबू? म्या काहून मारीन त्याईले?”

“ते ठान्यात सांगा. उठा.”

जमनाबाईनं बाकाची कड धरली. ती इस्माईलकडे पाहू लागली. इतका वेळ ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याकडेच.

“काकूले नका नेऊ.”

नाजिया उभी होती. ओढणी हातातून सुटली होती.

“अब्बा, तुमी फेकाले सांगतलं ते दूध म्या फेकलं नाही. मातीत ओताले हात धजला नाही माहा. रतनसिंगकाकाचा चहा म्या त्याच दुधाचा केला व्हता.”