नऊ तासांचं विमान

“सांगून कोणाला पटणार नाही,” थोरल्याने सुरुवात केली, “पण आमचं विमान आज आभाळात उभं राहिलं. चक्क उभं! समोरून वारा असा, की खालून एक मालगाडी आली आणि आम्हाला मागे टाकून निघून गेली.”

धाकट्या बहिणीने आईची बॅग अर्धी भरून पलंगावर ठेवली होती. सोमवारी तिला परगावच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. राहायला खोली मिळणार तीन महिन्यांनी, आणि आईला एकटीला ठेवायची सोय नव्हती. गॅस चालू ठेवून ती दुसऱ्याच कामाला लागायची. तेवढे तीन महिने दादाने न्यावं, एवढंच मागणं होतं. त्यासाठीच त्याला बोलावलं होतं.

थोरल्याने मोजे काढले, समोरच्या खुर्चीवर पाय ताणले आणि मागणं कानावर पडलंच नाही अशा थाटात दोन विमानतळांमधलं अंतर वाढवायला घेतलं. पहिल्या चहाला ते सातशे किलोमीटर होतं, तास चार. दुसऱ्या चहाला चौदाशे झालं, तास सात. गुळगुळीत दाढी करून शेजारी बसलेला गृहस्थ बिस्किटं संपेपर्यंत खुंट वाढवून उतरला.

“नकाशावर तर वीतभर दिसतं, दादा.”

“नकाशा!” तो नाकातून हसला. “तू कधी विमानात बसलीयस? नाही ना? मग! वर काय सरळ रस्ता असतो? वळसे काय, खड्डे काय. एका बाईने तान्हं मूल मांडीवर घेतलं होतं. उतरताना ते रांगत बाहेर आलं.”

“मी येते ना तिच्यासोबत. तुझ्या दारात सोडते आणि परत फिरते.”

“तू? सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना किंचाळतेस तू. आणि हिचं काय?” जास्तीच्या सामानाकडे बघावं तसं त्याने आईकडे बघितलं. “नऊ तास! पाय सुजून भोपळे होतील. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही हिला. अर्ध्या वाटेत विचारेल, आपण कुठे चाललोय म्हणून. जीव तुटतो माझा, म्हणून बोलतोय. नाहीतर न्यायला मी एका पायावर तयार आहे.”

तयार असलेला पाय खुर्चीवर निवांत हलत होता.

बहिणीने बॅगेतली वरची घडी उचलून बाहेर ठेवली. मग दुसरी.

आई इतका वेळ पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लेकाला नीट न्याहाळलं.

“नऊच का रे? बारा म्हण. तुला कोण अडवतंय?”

“आई, तुला यातलं काही कळत नाही.”

“न्यायचं नसेल तर तसं सांग. विमानाला कशाला बदनाम करतोस? आत बसलो, आता निघतोय, म्हणून तू सकाळी फोन केलास. तेव्हा मी चादरी पिळून दोरीवर टाकत होते. तू आलास, दोन चहा प्यायलास. जा, हात लावून बघ. अजून ओल्या आहेत.”