छपराची रेषा

बारा वर्षं ऑफिसात नकाशे काढून ताईंची बोटं झिजली आणि नव्या बंगल्याचं काम साहेबांनी दिलं कालच्या पोरीला! ताईंचा नुसता जळफळाट झाला. क्लायंट यायच्या आधी पोरगी पाणी प्यायला उठली, तशी ताईंनी तिच्या कॉम्प्युटरवर एक टिचकी मारली. भिंतींबाहेरून फिरणारी छपराची तुटक रेषा नकाशावरून गायब! आता क्लायंट विचारणार, “छप्पर कुठंय?” आणि हिची बोबडी वळणार. म्हाताऱ्या क्लायंटनी चष्मा लावून पडद्यावरचा नकाशा न्याहाळला. “इतके नकाशे पाहिले, पण रेघोट्यांच्या गुंत्यात काही कळायचंच नाही. आज पहिल्यांदा माझं घर मला दिसलं. हेच बांधा!” साहेब ताईंकडे वळले, “शिका जरा हिच्याकडून.” ताईंनी तोंडदेखल्या टाळ्या वाजवल्या. पोरगी हळूच कानाशी लागली, “ताई, छपराची रेषा कुणी बंद केली देव जाणे, पण त्याचं भलं होवो!”