घरात एक अमेरिकन

"कायदे कोण करतं?" इसिंगनं विचारलं.

क्लेतो अबुएगच्या तोंडात भात आणि सुका मासा होता. त्यानं बोटानंच थांब म्हणून खूण केली, घास सावकाश चावला, वर पाणी प्यायला. तेवढ्या वेळात उत्तर आठवेल अशी त्याला आशा होती. आठवलं.

"काँग्रेस."

"गेल्या खेपेला काय म्हणाला होतास?"

"बायको."

गेल्या खेपेला मुलाखत घेणारा साहेब त्या उत्तरावर मनापासून हसला होता. क्लेतोला वाटलं, आपलं जमलं. मग त्यानं आणखी पाच उत्तरं त्याच धर्तीवर दिली, आणि साहेबानं हसत हसतच त्याला नापास केलं.

त्या दिवशी परतताना गाडीत इसिंग रडली. चौतीस वर्षांच्या संसारात क्लेतोनं तिला रडताना तीनदाच पाहिलं होतं. आई गेली तेव्हा, लुसेनाचं प्रकरण कळलं तेव्हा, आणि आता तो नागरिकत्वाच्या परीक्षेत आपटला तेव्हा. लुसेनाचं प्रकरण म्हणजे मायदेशातल्या लुसेना गावातली एक बाई आणि त्या बाईची मुलगी, जिचं नाक हुबेहूब अबुएगांचं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. इसिंगनं पुन्हा तो विषय काढला नाही. क्लेतोनं त्याचा अर्थ माफी असा लावला होता. सोयीचा होता तो.

आता अजून एकच संधी होती. दुसऱ्यांदा नापास झालं की अर्जापासून सगळं नव्यानं.

इसिंग वृद्धाश्रमात कामाला होती. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, आणि घरी आलं की स्वतःच्या म्हाताऱ्याला अभ्यासाला बसवायचं. तिचे पाय सुजलेले असायचे. गरम पाण्याच्या टबात पाय सोडून ती प्रश्न विचारायची. क्लेतो हॉस्पिटलच्या धोबीखान्यात तीस वर्षं चादरींच्या घड्या घालून दमला होता. राष्ट्राध्यक्षांची नावं त्याच्या डोक्यात घडी होऊन बसत नव्हती.

"तूच का नाही करत अर्ज?" त्यानं एकदा कंटाळून विचारलं. "तुला तर सगळं पाठ आहे."

"बाबांचा गावाकडचा भातशेतीचा तुकडा माझ्या नावावर आहे. परदेशी झाले तर त्याची कटकट. मी आहे तशी बरी. घरात एक अमेरिकन पुरे."

"पण एवढी घाई कसली?"

"वय होत चाललंय. कागद पक्के असलेले बरे."

दर शनिवारी ती त्याला व्हॅलेहो गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन जायची. हॉलच्या डावीकडे दालिसायबाईंचा नागरिकत्वाचा वर्ग भरायचा. उजवीकडे वियाफ्लोर वकीलबाई घटस्फोटवाल्यांना फुकट सल्ला द्यायच्या. मध्ये कॉफीचं टेबल, दोन्ही पक्षांना सामाईक. क्लेतोला वर्गात सोडून इसिंग उजवीकडच्या बाकावर जाऊन बसायची.

"कुया क्लेतो," शेजारचा बेन्होर कानात कुजबुजला, "थोरला भाऊ मानतो म्हणून सांगतो, वहिनी चुकीच्या रांगेत बसल्यात."

"तिकडे हीटर आहे. तिचे गुडघे दुखतात."

"माझ्या बायकोचेही असेच दुखायला लागले होते."

"तुझीला तुझं तोंड दुखत होतं," क्लेतो म्हणाला, आणि सगळे हसले.

रंगात आल्यावर त्यानं इसिंगकडून ऐकलेला, ओळखीतल्या नार्दोचा किस्सा सांगून टाकला. नार्दोनं इथल्या कोर्टात घटस्फोट घेतला आणि नवं लग्न करायला ऐटीत गावी गेला. तिकडच्या कारकुनानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "घटस्फोट झाला तेव्हा तुम्ही दोघंही फिलिपिनोच. हा इकडे चालत नाही."

"म्हणजे इथे सडाफटिंग," क्लेतो म्हणाला, "आणि विमानातून उतरला की नवरा."

"आपल्या देशात घटस्फोट नाहीच मुळी," दालिसायबाई खडू ठेवत म्हणाल्या. "दोघांतला एक जण तरी परदेशी लागतो. विचारून जायचं होतं त्यानं. अबुएग, किस्से पुरे. सिनेटर किती?"

"शंभर."

"आणि त्यांतले तुमच्या ओळखीचे?"

"एकही नाही, बाई. मी धोबीखान्यात असतो."

दुसऱ्या मुलाखतीत क्लेतोनं एकही विनोद केला नाही. दहापैकी पहिली सहा उत्तरं बरोबर आली आणि साहेबानं पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. बाहेर इसिंग बाकावर जपमाळ धरून बसली होती. त्यानं अंगठा वर केला तशी ती उठली आणि, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, तिनं त्याचा हात धरला. क्लेतोला वाटलं, लुसेना आज खऱ्या अर्थानं संपलं.

शपथविधी एका शुक्रवारी सकाळी होता. इसिंगनं त्याचा बारोंग सदरा दोनदा इस्त्री केला. अकरा वाजता क्लेतोनं हात वर करून शपथ घेतली. इसिंगनं मोबाइलवर त्याच्या प्रमाणपत्राचे फोटो काढले, जवळून, अक्षरं नीट येतील असे. त्याच्या चेहऱ्याचा एकही नाही. प्रमाणपत्राचंच तिला एवढं कौतुक, या विचारानं त्याला भरून आलं.

संध्याकाळी हॉलमध्ये वर्गानं पार्टी ठेवली. पान्सितच्या शेवया होत्या, केक होता, बेन्होरनं भाषण केलं. क्लेतो थकून खुर्चीत टेकला. इसिंग त्याच्या शेजारी येऊन बसली. ती आज प्रथमच थकलेली दिसत नव्हती.

वकीलबाईंची मदतनीस लिफाफा घेऊन आली. "अनाक्लेतो अबुएग तुम्हीच ना? अभिनंदन." लिफाफा त्याच्या हातात देऊन ती निघून गेली.

शुभेच्छापत्र असेल असं समजून त्यानं तो उघडला. वर कोर्टाचा शिक्का होता, आजच्याच तारखेचा. खाली मोठ्या अक्षरांत घटस्फोटासाठी अर्ज असं लिहिलं होतं, आणि त्याखाली अर्जदाराचं नाव, इसिद्रा अबुएग.

त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"सावकाश वाच," इसिंग म्हणाली. "आता हा तिकडेही चालतो."