थरथर

“शालन, स्टेअरिंग डावीकडं पार शेवटपर्यंत वळव गं,” पिकअपखालून हैबतराव सवयीनं ओरडले. मग पाना छातीवर ठेवून तसेच उताणे पडून राहिले. बायकोला जाऊन तिसरा महिना चालू होता.

सरपटत बाहेर येऊन त्यांनी स्वतःच स्टेअरिंग वळवलं आणि स्टेअरिंगला बसणारे हिसके खाणारा नवा स्टेबिलायझर कुठं घासत नाही ना, ते बघायला पुन्हा खाली शिरले. उजवीकडंही तसंच. दोघांचं काम एकट्यानं करताना कंबर बोलायला लागली.

पण बसवायचा तर होताच. शेताकडच्या खडकाळ वाटेला लागलं की स्टेअरिंग थरथरायचं. ते म्हणायचे, गाडी जुनी झाली. शेजारी बसलेली शालन म्हणायची, “गाडीला कशाला नावं ठेवता? तुमचे हात थरथरतात. डॉक्टरला दाखवा.” आणि आपला हात त्यांच्या हातावर ठेवायची.

“एकदा स्टेबिलायझर बसवतो, मग बघ कोण खरं ते,” ते तिला म्हणायचे.

दुपारी त्यांनी गाडी त्याच वाटेला घातली. दगडांवरून ती चांगलीच हिंदकळली, पण स्टेअरिंग हूं की चूं करेना. हैबतरावांना हसू आलं. “बघ,” ते शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाले.

बांधाशी गाडी उभी करून त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ल्या काढल्या. सगळं शांत झालं, तरी हातातला जुडगा वाजतच राहिला.

“तुझंच खरं,” म्हणत त्यांनी तो हात धरायला दुसरा पुढं केला, तर तोही थरथरत होता.