मलमलीचं फडकं

फवारणीचा पंप पाठीवर घेऊन भानुदास बांधावर आला, तेव्हा पलीकडे त्याची वहिनी हौसा बियाण्याच्या कांद्यात उभी होती. हाताला मलमलीचं फडकं गुंडाळून ती एकेका पांढऱ्या गोंड्यावरून हात फिरवत होती. औषधांनी मधमाश्या संपल्यापासून गावातल्या बायका दरसाल हेच करायच्या, नाहीतर बी धरत नसे.

"भावजी, कांदा फुलावर असताना फवारायचं नाही, असं ग्रामसभेत ठरलंय!"

"ग्रामसभा येणार आहे का माझे फुलकिडे वेचायला? दोन वर्षं पाळला की नियम. कुठायत तुमच्या माश्या?" त्यानं पंपाचा दांडा हलवायला सुरुवात केली.

तेवढ्यात हौसा किंचाळली. साप निघाला असं वाटून भानुदास पंपासकट धावत आला. ती फडक्याचा हात पुढे करून नुसती हसत होती. फडक्यावर एक मधमाशी बसली होती, पाय परागानं पिवळे झालेले. शेजारच्या गोंड्यावर दोन होत्या, त्यापुढे तर कितीतरी.

भानुदासानं पंप तिथंच उतरवला आणि बांध ओलांडून आपल्या रानात धूम ठोकली. थोड्या वेळानं तिकडून आरोळी आली, "वहिनी, माझ्यातबी आल्यात!" मग दुसरा पंप भरणाऱ्या बायकोवर तो खेकसला, "ठेव ते खाली! गावाचा नियम माहीत नाही का तुला?"

हौसा पोट धरून हसली. तिनं हाताचं फडकं सोडलं, डोक्याला बांधलं आणि सावलीला जाऊन बसली.