एकाच पतंगाचं पोट

साधी आणि दुर्मीळ, दोन्ही जातींचे पतंग जुळ्या भावांसारखे. पोट चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय फरक कळायचा नाही. सुट्टीला आलेली लेक निवृत्त कीटकतज्ज्ञ वडिलांची पतंगांची जुनी पेटी तशीच हौसेनं तपासत होती. एकाएकी ती ओरडलीच, “बाबा, चाळीसपैकी एकोणचाळीस दुर्मीळ जातीचे निघाले! तुम्ही तर सगळे साधेच नोंदवलेत.” त्यांना ते दिवस आठवले. खाणीच्या परवानगीसाठी अहवाल घाईचा होता. शितावरून भाताची परीक्षा म्हणत त्यांनी एकाचंच पोट चिरलं होतं आणि ‘टेकडीवर दुर्मीळ काहीही नाही’ लिहून सही ठोकली होती. लेकीनं टाचणीखालची पिवळी चिठ्ठी नाचवली. “ही टेकडी कुठेय? चला, आत्ताच जाऊ. अजून असतील तिथे!” तेवढ्यात खाणीतला दुपारचा सुरुंग उडाला. खिडकीची तावदानं थरथरली, पेटीतले चाळीसही पतंग टाचण्यांवर पंख हलवून पुन्हा गप्प झाले. “तीच टेकडी,” ते म्हणाले. “उरलीसुरली उडवताहेत.”