धाकटीच्या पत्त्यावर

"संपूर्ण लाकूड भरीव आहे ना? प्लायवूड नको मला," सेलिनाने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"मावशी, पुढून, मागून, कडेनं, सगळी अस्सल महोगनी. या किमतीत दुसरीकडे मिळणार नाही," विक्रेता म्हणाला.

तिने ऑनलाइन पैसे भरून युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, मागवलं. पत्ता मात्र धाकट्या बहिणीचा, नाशिकच्या फ्लोरीचा दिला.

त्यांचे पप्पा बोटीवर नोकरीला होते. एका सफरीहून त्यांनी असंच युकुलेले आणलं होतं. सुट्टीत वसईला आले की संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवायचे, आणि दोघी मुली त्यांच्या खांद्यांना टेकून गायच्या. शेजारची माणसं हातातलं काम टाकून कुंपणापाशी येऊन उभी राहायची.

पप्पा वारले तेव्हा सेलिनाने कुणालाही न विचारता ते त्यांच्या शवपेटीत ठेवलं. फ्लोरीला ती एवढी एकच आठवण हवी होती. त्या दिवसापासून नऊ वर्षं ती बहिणीशी बोलली नव्हती.

पाचव्या दिवशी फोन आला.

"पार्सल मिळालं," फ्लोरी म्हणाली. "ताई, मी तेव्हा तुला नाही नाही ते बोलले."

"मीच तुला विचारायला हवं होतं गं."

"बरं, तीन तारा लागल्या. चौथी काही केल्या सुरात येत नाहीये. ऐक."

नाशिकच्या घरात एक तार छेडली गेली.

"अजून थोडी पीळ," सेलिना फोन कानाशी घट्ट धरून म्हणाली. "हं. अजून थोडी."